सावली कुठे हवी, कुठे नको : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ॲपमधल्या बटणांच्या रंगांबद्दल लिहिताना शॅडोचा, म्हणजे स्क्रीनवरच्या वस्तूंखाली दाखवायच्या सावलीचा, उल्लेख आला, आणि या महिन्याची बहुतेक पत्रं त्यावरच आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातली अडचण जवळजवळ प्रत्येक नव्या ॲपमध्ये दिसते.

प्रश्न : आमच्या तालुक्यातल्या दूध संकलन केंद्रांसाठी मी अँड्रॉइड ॲप करतोय. सभासदाची प्रत्येक नोंद एका कार्डात आहे: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दर, रक्कम. सगळ्या कार्डांना ८ डीपी एलिव्हेशन (पडद्यावरची मानलेली उंची; डीपी हे अँड्रॉइडचं मोजमाप) दिलंय. तरीही खालच्या कार्डांची सावली वरच्यांपेक्षा लांब दिसते. शिवाय संस्थेचे सचिव म्हणतात की स्क्रीन मळकट वाटते. काय चुकतंय? (एक वाचक, कागल)

उत्तर : लांब सावलीचं आधी सांगते, कारण त्यात तुमचं काहीच चुकलेलं नाही. २०१४ साली अँड्रॉइड ५.० आलं तेव्हापासून एलिव्हेशन दिलं की सावली सिस्टीम स्वतः हिशोब करून काढते. स्क्रीनच्या वरच्या कडेला, मधोमध, पडद्यापासून बऱ्याच उंचीवर एक दिवा आहे असं ती धरून चालते. हा दिवा स्क्रीनपाशी स्थिर असतो, कार्डाबरोबर फिरत नाही. त्यामुळे कार्ड वर असताना सावली आखूड आणि तळाशी असताना लांब पडते. यादी सावकाश वर सरकवत एकाच कार्डाच्या खालच्या कडेकडे बघत राहा, सावली आखडत जाताना दिसेल. याशिवाय चहूबाजूंनी येणारा मंद उजेडही हिशोबात असतो, त्याची फिकट कड कार्डाभोवती सगळीकडून दिसते. अँड्रॉइड ९ पासून या दोन्ही सावल्यांचा रंग वेगवेगळा ठरवता येतो. तुमच्या टेस्टरने ‘बग’ म्हणून नोंदवलं असेल, तर त्याला हे दाखवा आणि नोंद बंद करा.

मळकटपणाची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे सचिवांची नजर बरोबर आहे. गूगलच्या मटेरियल डिझाइनच्या तिसऱ्या आवृत्तीत उंचीच्या सहाच पायऱ्या आहेत: ०, १, ३, ६, ८ आणि १२ डीपी. साधं कार्ड ० किंवा १ वर असतं. ८ डीपी ही बोटाने उचलून ओढत असलेल्या कार्डाची उंची आहे. तुमच्या यादीतली सगळीच कार्डं कायमची उचललेल्या अवस्थेत आहेत. दोन कार्डांमधली मोकळी जागा जेमतेम तेवढीच असेल, तर वरच्याची सावली खालच्याच्या डोक्यापर्यंत पोचते आणि मधल्या पांढऱ्या जागेचा राखाडी पट्टा होतो. असे आठ-दहा पट्टे एकाखाली एक आले की डोळ्याला तो मळच वाटतो.

सावली दिसली की बघणारा नकळत दोन गोष्टी गृहीत धरतो. ही वस्तू बाकीच्यांच्या वर आहे, आणि तिच्याखाली काहीतरी आहे. कालच्या संध्याकाळच्या नोंदीखाली काय आहे? काहीच नाही. ती नुसती एक ओळ आहे. म्हणून माझं म्हणणं असं की शॅडोच्या आकड्यांना हात लावण्याआधी कागदावर थर लिहून काढा. तळाला पान. पानावर नोंदी, त्या पानाच्याच पातळीला. त्यांच्यावर तरंगणारं ‘नवी नोंद’ हे बटण, कारण यादी त्याच्याखालून सरकते. आणि सर्वांत वर ‘रक्कम बरोबर आहे का?’ असं विचारणारी चौकट, कारण ती मिटेपर्यंत खालचं काही करता येत नाही. तुमच्या ॲपला एवढे थर पुष्कळ झाले. सावली वरच्या दोनच थरांना हवी, दोघांनाही ६ डीपी पुरेल. नोंदींना पांढरी पार्श्वभूमी आणि मधे एक बारीक रेघ द्या, पानाचा रंग किंचित राखाडी ठेवा.

वरच्या पट्टीचंही तसंच. यादी अगदी सुरुवातीला असताना त्या पट्टीखाली काही झाकलेलं नसतं, तेव्हा ती सपाट राहू द्या. यादी सरकून तिच्याखाली गेली की मग तिचा रंग बदलू द्या किंवा सावली येऊ द्या. एवढ्याशा बदलाने वापरणाऱ्याला कळतं की वर अजून नोंदी आहेत. सावलीचा इतका प्रामाणिक उपयोग मला दुसरीकडे क्वचितच दिसतो.

आता आकड्यांकडे वळा, पण त्याआधी टेबलावर पांढरा कागद ठेवून ट्यूबलाइटखाली एक व्हिजिटिंग कार्ड धरा. कागदाला टेकलं असताना सावली अरुंद, गडद आणि रेखीव दिसते. कार्ड जसजसं वर न्याल तशी ती पसरते, मऊ होते आणि फिकट होत जाते. स्वतःच्या हाताने सावली काढणारे बरेच डिझायनर नेमकं उलट करतात. वस्तू जितकी महत्त्वाची तितकी सावली काळी करतात. उंची वाढवायची तर ब्लर (धूसरपणा) आणि खाली सरकवण्याचं अंतर वाढवा आणि काळेपणा कमी करा. काळ्या रंगाची ऑपॅसिटी (अपारदर्शकता) ४० टक्क्यांवर गेली की बहुतेक वेळा डाग दिसतो. मी १० ते २० टक्क्यांत राहते, आणि तोही शुद्ध काळा न घेता पानाच्या रंगाकडे झुकणारा गडद रंग घेते.

आणखी एक. अशा एका केंद्रावर काट्याशेजारी उभी राहून मी पहाटेचं संकलन पाहिलं आहे. डोक्यावर एकच ट्यूबलाइट, ऑपरेटरचे हात ओले, आणि फोन भिजू नये म्हणून पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत. एका हाताने बरणी परत करत दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तो फॅटचा आकडा टाकत होता. त्या पिशवीतून बारीक सावली दिसतच नाही. त्याला दिसत होते ठळक आकडे, भरीव हिरवं बटण आणि ओळींमधली रेघ. तुमचं ॲपही असंच वापरलं जाणार आहे. सावली काढून टाकली तरी बटण बटणासारखं दिसतंय ना, हे पिशवीत फोन घालून एकदा तपासा.

प्रश्न : रिॲक्ट नेटिव्हमध्ये (एकाच कोडवरून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींचं ॲप करायचं साधन) कार्डाला शॅडो दिली. आयफोनवर ती छान दिसते, अँड्रॉइडवर गायब. मग एलिव्हेशन घातलं, तर कार्ड भलत्याच गोष्टीच्या वर जाऊन बसलं. (एक डेव्हलपर, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : जुन्या पद्धतीत शॅडोऑफसेट, शॅडोऑपॅसिटी आणि शॅडोरेडियस ही तिन्ही आयओएसपुरतीच, म्हणजे आयफोनच्या सिस्टीमपुरतीच आहेत. अँड्रॉइडवर फक्त एलिव्हेशन चालतं, आणि त्याने सावलीबरोबर कोण कोणाच्या वर हा क्रमही बदलतो. म्हणून तुमचं कार्ड वर जाऊन बसलं. अँड्रॉइडवर सावली दिसत नसेल तर कार्डाला पार्श्वभूमीचा रंग दिलाय का ते पाहा. पार्श्वभूमी पारदर्शक असेल तर सावली कशाची काढायची हे सिस्टीमला कळत नाही.

आयफोनवर उलटी अडचण येते. कोपरे गोल करून आतला फोटो कापण्यासाठी ओव्हरफ्लो हिडन केलं की सावलीही कापली जाते. दोन व्ह्यू घ्या. बाहेरच्याला सावली, आतल्याला गोल कोपरे आणि कापणं. लांब यादीत आयफोन अडखळत असेल तर सावलीचा आकार शॅडोपाथने आधीच सांगून ठेवा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला तो नव्याने शोधावा लागत नाही. ही सोय नेटिव्ह, म्हणजे थेट आयफोनसाठी लिहिलेल्या कोडमध्ये आहे.

रिॲक्ट नेटिव्हच्या नव्या आर्किटेक्चरवर (आतल्या नव्या रचनेवर) असाल तर ०.७६ आवृत्तीपासून बॉक्सशॅडो ही सावली देण्याची नवी पद्धत दोन्हीकडे चालते. अँड्रॉइडवर त्यासाठी किमान अँड्रॉइड ९ लागतं, आतल्या बाजूच्या सावलीसाठी अँड्रॉइड १०. तुमच्या ग्राहकांकडे कोणते फोन आहेत ते बघून ठरवा.

प्रश्न : ताई, मी पुण्यात डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी घरातली लाइट-पंखे चालवायचं ॲप न्यूमॉर्फिक स्टाइलमध्ये (बटणं पानातूनच फुगून आल्यासारखी दिसतात ती) केलंय. सगळ्यांना आवडलं, पण परीक्षक म्हणाले की हे वापरता येणार नाही. एवढं सुंदर दिसणारं काही वापरता का येऊ नये? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : तुझं ॲप सुंदर दिसत असणार यात मला शंका नाही. ते तसं का दिसतं हे आधी समजून घे, म्हणजे परीक्षकांचं म्हणणंही कळेल.

एक वर्तुळ काढ आणि त्यात वर पांढरा, खाली राखाडी असा ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारा रंग) भर. ते फुगीर दिसेल. आता तेच १८० अंशात फिरव. लगेच खड्डा दिसेल. रंग तेच, आकार तोच. चेन्नईत वैद्यकीचं शिक्षण घेतलेले मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ साली ‘नेचर’मध्ये यावर लिहिलं होतं. उजेड वरून येतो आणि सगळ्या वस्तूंवर एकाच दिव्याचा पडतो, असं आपली दृष्टी गृहीत धरून चालते. ही ‘वर’ची दिशा डोक्याच्या हिशोबाने ठरते. डोकं उलटं केलं की फुगवटा आणि खड्डा यांची अदलाबदल होते. तू वापरलेली शैली २०१९-२० च्या सुमारास गाजली, ती पूर्ण याच गृहीतकावर उभी आहे. एका बाजूला पांढरी सावली, दुसऱ्या बाजूला गडद, आणि वस्तू पानातूनच उगवल्यासारखी दिसते.

आता मोजू. या शैलीत नेहमी दिसणारा राखाडी घे, ज्यात लाल, हिरवा, निळा तिन्ही ० ते २५५ च्या मापावर २२४ आहेत. उजळ सावली पांढरी, म्हणजे २५५. गडद सावली १९०. पान आणि पांढरी सावली यांचा कॉन्ट्रास्ट (दोन रंगांच्या उजळपणाचं गुणोत्तर) येतो साधारण १.३ ला १, आणि गडद बाजूचा १.४ ला १. बटण कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे ओळखायला लागणाऱ्या खुणेचा कॉन्ट्रास्ट किमान ३ ला १ हवा, असं वेबसाठीच्या सुलभतेच्या निकषांमध्ये २०१८ पासून लिहिलेलं आहे. ॲपसाठीही तोच निकष धरतात. ३ ला १ म्हणजे किती, याचा अंदाज हवा असेल तर पांढऱ्यावर १४८ चा राखाडी ठेवून बघ. तो बऱ्यापैकी गडद आहे. तुझ्या सावल्या त्याच्या जवळपासही नाहीत, आणि उन्हात पडद्यावर चकाकी आली की आहे तो फरकही पुसला जातो.

दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. तुझ्या ॲपमध्ये पंखा चालू आहे की बंद, हे बटण फुगीर आहे की दबलेलं यावरून कळतं, बरोबर? म्हणजे फरक फक्त सावलीच्या दिशेचा. मोतीबिंदू झालेल्या आजींनी तो ओळखायचा कसा? चालू असताना बटणात भरीव रंग भर, ‘चालू’ हा शब्द लिही, चिन्ह गडद कर. मग सावल्या हव्या तर राहू देत. पंख्याचा वेग बदलायची मोठी गोल खुंटी आहे, तिला ही शैली खरोखर शोभते, कारण ती एकच आहे, मोठी आहे आणि शेजारी आकडा लिहिलेला आहे. ती तशीच ठेव आणि परीक्षकांना पुन्हा दाखव.

प्रश्न : रात्रपाळीच्या नर्सेससाठी ॲप आहे, म्हणून डार्क थीम केली. त्यात सावल्या दिसतच नाहीत. सावली पांढरी केली तर चालेल का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : पांढरी करू नका. काळोखात कार्डाभोवती पांढरी कड आली की ते स्वतःच उजेड टाकतंय असं वाटतं, आणि रात्री तीन वाजता ते डोळ्यांना बोचतं.

डार्क थीममध्ये उंची पृष्ठभागाच्या उजळपणाने दाखवतात. मटेरियल डिझाइनच्या दुसऱ्या आवृत्तीत तळाचा रंग #१२१२१२ हा जवळजवळ काळा राखाडी होता आणि उंचीप्रमाणे त्यावर पांढऱ्याचा पातळ थर चढायचा: १ डीपीला ५ टक्के, ४ ला ९, ८ ला १२, २४ ला १६. पुढे तिसऱ्या आवृत्तीत आधी ॲपच्या मुख्य रंगाची झाक द्यायची पद्धत आली आणि नंतर पृष्ठभागाच्या पाच ठरलेल्या छटा आल्या. सूत्र तेच राहिलं, वर असेल ते उजळ.

पूर्ण काळ्या रंगाचा मोह होतो, कारण ओलेड पडद्यावर काळा पिक्सेल बंद राहतो आणि बॅटरी वाचते. मी तरीही तळाला गडद राखाडीच घेते. छटा दोन किंवा तीनच ठेवा. नर्स वॉर्डमध्ये ब्राइटनेस अगदी कमी ठेवणार, तेव्हा स्वस्त पडद्यावर शेजारशेजारच्या छटा एकच दिसतात. औषधाची वेळ सांगणाऱ्या कार्डाला बारीक उजळ रेघ मारा. ती मात्र कुठल्याही फोनवर दिसते.

प्रश्न : आयओएस २६ मध्ये सगळं काचेचं झालं. आम्ही गेली काही वर्षं सपाट डिझाइन शिकलो. आता पुन्हा सगळं बदलायचं का? (एक डिझायनर, मुंबई)

उत्तर : सगळं नाही. २०१३ पूर्वीच्या आयफोनमध्ये नोट्सना पिवळ्या वहीचं पान होतं आणि पुस्तकं लाकडी फळ्यांवर ठेवलेली होती. आयओएस ७ मध्ये ती फळी गेली, पण खोली गेली नाही. धूसर काचेचे पडदे आले, फोन हलवला की वॉलपेपर मागे किंचित सरकू लागलं. पुढच्याच वर्षी गूगलने कागदाचे थर आणि त्यांच्या सावल्या आणल्या. २०२५ मध्ये ॲपलने ‘लिक्विड ग्लास’ आणलं. ‘सपाट’ म्हणून जे शिकलात त्यातही थर होतेच.

ॲपलची स्वतःची सूचना आहे की ही काच बटणं, टॅबपट्टी, टूलबार यांच्यासाठी वापरा, मजकुरासाठी नको. ती काटेकोर पाळा. यादीतल्या प्रत्येक कार्डाला काच लावलेली ॲप्स मी बघते तेव्हा वाईट वाटतं, कारण वाचणारा माणूस मागच्या चित्राशी भांडत बसतो. सेटिंग्जमध्ये ‘रिड्यूस ट्रान्स्परन्सी’ (पारदर्शकता कमी करणं) चालू करून तुमची प्रत्येक स्क्रीन एकदा पाहा. ज्यांना धूसर दिसतं ते लोक तुमचं ॲप तसंच बघणार आहेत.

प्रश्न : मालवणातल्या होमस्टेंचं ॲप आहे. समुद्राच्या फोटोवर घराचं नाव मराठीत लिहितो. वाचता यावं म्हणून अक्षरांना सावली दिली, तर अक्षरं जाड आणि गिचमीड दिसतात. (एक वाचक, मालवण)

उत्तर : देवनागरीत शिरोरेघ सलग असते, त्यामुळे सावलीचाही एक सलग पट्टा तयार होतो आणि तो अक्षरांच्या पोटात उतरतो. ‘ष्ठ’, ‘क्ष’, ‘द्ध’ यांच्यातल्या बारीक मोकळ्या जागा त्याने भरून जातात. वरची मात्रा आणि रफारही त्यात मिसळतात. अक्षरांची सावली काढून टाका आणि फोटोच्या खालच्या भागावर काळ्याचा ग्रेडियंट घाला, वर पूर्ण पारदर्शक आणि तळाला साधारण ६० टक्के. नाव त्या गडद भागावर पांढऱ्यात लिहा. फेसाळ लाटेचा, म्हणजे सर्वांत उजळ फोटो घेऊन तपासा. मजकुराला ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. ओळीची उंचीही वाढवा, नाहीतर ‘कुणकेश्वर’मधला उकार खाली कापला जाईल.

प्रश्न : डायलॉग (स्क्रीनवर मधे येणारी प्रश्नाची चौकट) उघडल्यावर मागची स्क्रीन किती काळी करावी? आमच्याकडे यावरून रोज वाद होतो. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मटेरियलच्या तिसऱ्या आवृत्तीत ३२ टक्के काळा पडदा आहे, अँड्रॉइडच्या जुन्या डायलॉगमध्ये मागचं ६० टक्के अंधारतं. जुन्या मटेरियलमध्ये डायलॉगला २४ डीपी उंची होती, आता ६ आहे. मागचं अंधारलं की डायलॉग वर आहे हे त्यानेच कळतं, म्हणून जाड सावलीची गरज उरत नाही. डायलॉगमधला निर्णय मागच्या माहितीवर अवलंबून असेल, उदाहरणार्थ मागे दिसणारी रक्कम बघून ‘हो’ म्हणायचं असेल, तर ३२ टक्क्यांच्या आसपास राहा. मागचं बघायची गरजच नसेल तर ५० ते ६० टक्के करा. आणि रक्कम इतकी महत्त्वाची असेल तर ती डायलॉगमध्येच लिहा, म्हणजे वाद करायला टक्केवारी उरणार नाही.